पावसात दर दोन-तीन आठवड्यांनी गिअर उडतो? चेन बदलण्याआधी मागच्या गिअरची केबल काढून बघा

गोव्यात आमच्याकडे मये तळ्याकडून वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर येताना जो चढ लागतो त्याच्या बरोबर मध्यावर, गडगा (दगडी कुंपण) संपून काजूची झाडं सुरू होतात तिथे माझ्या सायकलचा गिअर उडायचा. मी काही बदललेलं नसायचं, अंगठा गिअर बदलायच्या शिफ्टरवर पण नसायचा, आणि मागे कट्ट आवाज होऊन चेन बाजूच्या चक्रीवर जायची, परत यायची, परत जायची. उभं राहून जोर लावत असताना असं झालं की पाय एकदम रिकामा खाली जातो, एकदा तर गुडघा हँडलवर असा आपटला की सूज उतरायला आठवडा गेला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हा नुसता कटकटीचा विषय नाही, ओल्या चढावर पडायला होतं यानं.

माझ्याकडे साधी एमटीबी (माउंटन बाईक) आहे, मागे 10 गिअर, पुढे एकच 32 दातांचं चेनव्हील. राईड पण साधीच, दर रविवारी सकाळी डिचोलीहून निघायचं, मये, मग सड्यावरून कच्च्या वाटेनं नार्वे, सप्तकोटेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे, कधी वेळ असला तर फेरीनं पलीकडे दिवाडीला जाऊन खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या बांधावरून एक फेरी आणि परत. कधी उलट्या बाजूला शिरगाव-मुळगावकडच्या जुन्या खाणीच्या रस्त्यांनी. वाटा सगळ्या पाठ आहेत, कुठे व्हाळ (ओढा) आडवा येतो, कुठे शेवाळ धरतं, सगळं माहीत, त्यामुळे वाटेला दोष द्यायला जागा नव्हती.

आणि गंमत बघा, उन्हाळ्यात काही नाही. ऑक्टोबर ते मे सायकल लोण्यासारखी चालते. जूनमधल्या पहिल्या दोन राईडला पण काही नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून सुरू. दुकानात नेली की ट्यून करून देतात, दोन-चार दिवस बरी, परत चिखल, परत तेच. असे तीन पावसाळे गेले. त्यात दोन चेन बदलल्या, एक कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बदलली, आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तो बदलायच्या बेतात होतो. पैसे गेले ते गेलेच, पण बदललेला एकही पार्ट खरा दोषी नव्हता याचं जास्त वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. "गिअर उडतो" हा एक रोग नाही, चार-पाच वेगवेगळ्या रोगांचं ते एकच लक्षण आहे. दुकानात जाऊन "गिअर उडतोय" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस त्याच्या अंदाजानं काहीतरी बदलणारच, त्याची काय चूक. आपण सांगायला पाहिजे की कधी उडतो, कुठल्या चक्रीवर उडतो, आणि किती वेळानं उडतो. हे बघायला हत्यार लागत नाही, एक मोकळा चढ आणि थोडं लक्ष लागतं.

एखाद्याच चक्रीवर उडतो, बाकी सगळ्यांवर ठीक, आणि तोही जोर दिला तरच, तर ती चक्री झिजलेली आहे. आपण जी चक्री सगळ्यात जास्त वापरतो तिचे दात आधी जातात, आणि त्यात नवी चेन टाकली की आणखी जास्त उडतो, कारण जुनी चेन आणि जुनी चक्री एकमेकींबरोबर झिजून एकमेकींना धरून असतात. माझं पहिल्या वर्षी हेच झालं, नुसती चेन बदलली आणि त्रास वाढला.

ठरावीक अंतरानं उडतो, म्हणजे सपाटीवर एका गतीनं पायडल मारताना मोजलं तर दर तीन-साडेतीन फेऱ्यांनी एक टुक, तर चेनची एखादी कडी अडकलीय. हिशोब सोपा आहे, माझ्या चेनला 112 कड्या, पुढे 32 दात, 112 भागिले 32 म्हणजे साडेतीन फेऱ्यांत पूर्ण चेन एकदा फिरून येते. तुमच्या कड्या आणि दात मोजून तुमचा आकडा काढा. अडकलेली कडी शोधायची तर सायकल उभी करून पायडल हातानं हळूहळू उलटं फिरवायचं आणि डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकाकडे बघत राहायचं, तिथून जाताना ती कडी सरळ होत नाही, वाकडीच राहते आणि डिरेलरला एक झटका बसतो. तेलाचा थेंब टाकून दोन्ही अंगठ्यांनी आडवी जराशी हलवली की बहुतेक वेळा सुटते. गंजामुळे होतं हे, राईडनंतर ओली ठेवली की हमखास.

तिसरा प्रकार म्हणजे पायडल अचानक पूर्ण रिकामं जातं, चेन जागेवरच, पण चाकाला जोरच लागत नाही. हा चेनचा विषयच नाही, मागच्या चाकाच्या मध्यावर जो हब असतो त्याच्या आत जे छोटे खटके असतात ते चिखलपाण्यानं किंवा घट्ट झालेल्या ग्रीसनं चिकटलेत. मागचं चाक मोकळं फिरताना जी टिकटिक येते ती मंद झाली किंवा मधेच गप्प झाली तर समजा हाच प्रकार. तशी सायकल चढावर नेऊ नका, आधी हब उघडून घ्या. यात मी घरी हात घालत नाही.

आणि चौथा, जो माझा होता. सगळ्यात जास्त लोकांचा हाच असतो असं मला आता वाटतं, निदान आपल्याकडच्या पावसात तरी. याची खूण अशी. मोठ्या चक्रीकडे जाताना गिअर बरोबर पडतो. छोट्या चक्रीकडे उतरताना मात्र आळस करतो, क्लिक केलं तरी चेन तिथेच, दोन पायडल मारले की मग पडते, किंवा दोन क्लिक केल्यावर एकदम दोन पडतात. मग तुम्ही शिफ्टरजवळची ती गोल फिरवायची बॅरल फिरवता, उतरणं सुधारतं तर चढणं बिघडतं. उलट फिरवता, तर चढणं सुधारतं आणि उतरणं बिघडतं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बरोबर अशी जागाच सापडत नाही. असं होत असेल तर ट्यूनिंग करत बसू नका, कितीही कुशल माणूस असला तरी ते बसणार नाही, कारण शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत जाणारी केबल तिच्या नळीच्या आतमध्ये अडकतेय.

कारण समजून घेतलं की विसरत नाही. मोठ्या चक्रीवर जाताना आपला अंगठा तार ओढतो, अंगठ्यात भरपूर जोर असतो, आत कचरा असला तरी तार येते. उतरताना मात्र आपण तार फक्त सोडतो, तिला परत ओढून घ्यायचं काम डिरेलरची स्प्रिंग करते, आणि तिच्यात जोर तो केवढा असणार. दहा गिअरच्या कॅसेटमध्ये एका चक्रीपासून दुसरी साधारण 4 मिलिमीटरवर असते, म्हणजे तार अर्धा-पाऊण मिलिमीटर जरी आत धरून राहिली तरी डिरेलर चक्रीच्या बरोबर खाली न राहता जरा बाजूला लटकत राहतो. सपाटीवर ते चालून जातं, फक्त खरखर आवाज येतो. चढावर जोर पडतो, एखाद्या चिऱ्याच्या कडेवरून चाक उसळतं, धक्क्यानं तार सुटते, आणि कट्ट. माझा मयेचा चढ हाच होता. तिथे मधोमध जांभ्याची एक पायरी आहे, तिच्यावर चाक उसळलं की बरोबर पुढच्या पायडलला उडायचा आणि मी तीन वर्षं त्या चढाला दोष देत होतो.

हे सापडलं कसं ते सांगतो. आषाढातली गोष्ट, दिवसभर पाऊस, सायकल पडवीत उलटी करून ठेवलेली. माझा भाचा आला होता सुट्टीला, नववीत आहे, त्याला कुठल्याही गोष्टीत बोटं घालायची सवय. त्यानं खालच्या नळीवरून जाणारी उघडी तार चिमटीत धरून ओढली आणि सोडली, दोनदा-तीनदा, आणि म्हणाला, मामा, ही ओढली की येते पण सोडली की सावकाश जाते, पुढच्या ब्रेकची लगेच जाते. मी करून बघितलं. खरंच, सोडल्यावर डिरेलर असा दमल्यासारखा परत जात होता.

मग तार सोडवली आणि मागच्या डिरेलरला जो शेवटचा अर्धगोल वळणाचा आउटरचा, म्हणजे तारेवरच्या नळीचा तुकडा असतो, वीतभर, तो बाहेर काढला. उभा धरल्यावर त्याच्या तोंडातून आधी गंजाच्या रंगाचं पाणी टपटप पडलं, तीन-चार थेंब. मग तार ओढली तर ती येताना करकर वाजली, आणि बाहेर आली ती ओलं कुंकू लावल्यासारखी लाल, बोटांवर घेतलं तर इतकं मऊ आणि बारीक की कण लागतच नव्हता, पण दोन बोटांत चोळलं की दातांखाली वाळू आल्यासारखं जाणवत होतं. वळणाच्या सगळ्यात खालच्या जागी तारेचे दोन-तीन धागे तुटून बाहेर आले होते. वीतभर तुकडा. दोन चेन आणि एका कॅसेटचा खर्च त्या वीतभर तुकड्यानं करवला.

तोच तुकडा का भरतो तर तो मागच्या चाकाच्या अगदी पाठीशी असतो, चाक जो चिखल वर फेकतं तो थेट त्याच्या तोंडावर. शिवाय वरून तार उतरते ती फ्रेमच्या नळीवरून उघडी येते, तिच्यावरून पाणी ओघळत ओघळत बरोबर त्या तुकड्याच्या वरच्या तोंडात शिरतं, आणि वळणाच्या खोलगट भागात साचून राहतं. बाहेर जायला वाट नाही. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे एकदा आत गेलेलं पाणी वाळायला संधीच मिळत नाही.

आणि आपली मातीपण लक्षात घ्या. सड्यावरची लाल माती म्हणजे जांभ्याचा चुरा, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, खाणीच्या बाजूला तर सरळ हेमॅटाइट या लोहखनिजाचं पीठ. दागिन्यांना आणि काचेला शेवटची चकाकी आणायला जी लाल पावडर वापरतात ती आयर्न ऑक्साइडच असते. तीच जात आपण तेलात कालवून चेनला आणि तारेला फासतो आणि तासन्‌तास घासतो. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक थांबले, पण त्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं सांडलेली बारीक भुकटी पावसाबरोबर कडेच्या वाटांवर येऊन बसलीय, त्या बाजूच्या राईडनंतर चिखलाचा रंगच वेगळा असतो, काळपट जांभळा. खाणीत साठलेल्या पाण्याच्या कडेनं मात्र कुणी जाऊ नका, काठ कुठे खचेल सांगता येत नाही.

दिवाडीचा खाजनातला चिखल त्याहून वेगळा. काळा, चिकट, वास येणारा, घासत कमी आणि गंजवत जास्त. जूनच्या सुरवातीला त्यात खार असतो, पुढे पाऊस जमिनीतला खार धुवून काढतो म्हणूनच तिथे पावसात कोरगुटासारख्या जातीचं भात होतं. म्हणजे जूनमध्ये बांधावरून राईड केलीत तर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवाच, सोमवारवर टाकू नका. एका रात्रीत चेन तांबडी होते, मी बघितलीय.

आता खरी चूक कुठे होत होती ते. मला वाटायचं चिखलात सायकल घातली म्हणून बिघडली. पण बरोबर फिरणाऱ्या एका मित्राची तशीच सायकल, त्याच वाटा, तोच चिखल, आणि त्याला हा त्रास नाही. फरक एवढाच की तो घरी विहिरीवर बादली-मगानं धुतो आणि मी परत येताना रस्त्यावरच्या गाड्या धुवायच्या सेंटरवर प्रेशरच्या पाइपनं धुवून घ्यायचो. पाच मिनिटांत चकचकीत व्हायची, बरं वाटायचं. त्या फवाऱ्याचा जोर मोटारच्या पत्र्यासाठी असतो, सायकलच्या सीलसाठी नाही. तो बाहेरचा चिखल काढतो खरा, पण त्यातलाच बारीक गाळ पाण्याबरोबर आउटरच्या तोंडातून, हबच्या सीलमधून, बीबीमधून (दोन पायडलांच्या मधल्या बेअरिंगमधून) आत ढकलतो, आणि आतलं ग्रीस धुवून नेतो. सायकल जेवढी वरून स्वच्छ दिसत होती तेवढी आतून भरत होती. दर राईडनंतर मी पैसे देऊन हे करत होतो. ते बंद केलं हा सगळ्यात मोठा बदल.

दुरुस्ती सांगतो, अगदी घरी होण्यासारखी आहे.

आधी नुसती सफाई, दहा मिनिटांची, ही तर पावसात दर दोन राईडला करा. फ्रेमवर केबल अडकवायच्या खोबणी फटीच्या असतील तर तार सोडायची पण गरज नाही. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर न्या, चाक थांबवा, आणि आता पायडल न फिरवता शिफ्टर क्लिक करत करत सगळ्यात छोट्या गिअरपर्यंत आणा. चेन वरच राहते आणि तार सैल पडते. मग आउटरचे तुकडे खोबणीतून बोटानं अलगद सुटतात, तारेवर पुढेमागे सरकवा, जो भाग एरवी आत लपलेला असतो तो फडक्यानं पुसा, पातळ तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन तारेवरून फिरवा, परत बसवा. जाड ग्रीस भरू नका, त्यात गाळ अडकून चिकट लगदा होतो. हे एवढंच मला पहिल्या वर्षी माहीत असतं तर!

पण तार एकदा आत करकरायला लागली किंवा एखादा धागा जरी तुटलेला दिसला तर सफाईचा उपयोग नाही, इनर, म्हणजे आतली तार, आणि आउटर दोन्ही बदला. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे, माझं तेवढ्यातच झालं. इनर स्टेनलेसची घ्या. आउटर गिअरचीच मागा, ब्रेकची चालत नाही, ब्रेकच्या आउटरमध्ये गोल गुंडाळलेली पट्टी असते, ती दाबली जाते आणि गिअर कधीच जागेवर बसत नाही, गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीत सरळ असतात. दिसायला सारख्याच काळ्या नळ्या, म्हणून बघून घ्या.

आणि शक्य असेल तर, हे माझं अगदी मनापासून सांगणं आहे, तुकडे तुकडे न टाकता शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत एकसंध आउटर टाका. मधे उघडी तार राहिलीच नाही तर पाणी शिरायला वरचं तोंडच राहत नाही. फ्रेमच्या खोबणीतून अख्खी आउटर जात नाही, तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी नळीला बांधायची, दिसायला थोडं गावठी दिसतं पण मला काही वाटत नाही त्याचं. टोकाला रबरी नाकाची सीलवाली टोपी मिळते ती डिरेलरच्या बाजूला लावा.

आउटर कापताना धार चांगली पाहिजे, साध्या पकडीनं कापली की तोंड चेपतं. कापल्यावर कानसेनं तोंड सपाट करायचं आणि आतली प्लास्टिकची नळी मिटलेली असते ती दाभणानं गोल उघडायची. हे दाभणाचं काम बरेच जण सोडतात, आणि नवीन केबल टाकूनही गिअर आळशीच राहिला म्हणून डोकं धरून बसतात. शेवटचं वळण फार आखूड ठेवू नका, सहज गोल वळलं पाहिजे, मुरडता कामा नये.

मग ट्यूनिंग. छोट्या चक्रीवर चेन, तार हातानं ताणून बोल्ट आवळा, एक क्लिक करा, दुसऱ्या चक्रीवर पटकन गेली पाहिजे. जात नसेल तर बॅरल उलट्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, पाव-पाव फेरी. उतरायला आळस करत असेल तर घड्याळाच्या दिशेनं पाव फेरी. नव्या केबलला पाच मिनिटांत दोन्ही बाजू एकदम बसल्या तेव्हा मला खरोखर भरून आलं, तीन वर्षं ही जागा अस्तित्वातच नाही असं वाटत होतं.

चेन झिजलीय का ते पण याच वेळी बघून घ्या, त्याला वेगळं यंत्र नसलं तरी चालतं. चेनच्या 24 कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, नव्या असताना बरोबर 12 इंच भरतात. 12 वर इंचाचा सोळावा भाग जास्त भरला, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर, तर अर्धा टक्का झीज, नवीन चेन आणून ठेवा. त्याच्या दुप्पट होईपर्यंत चालवलीत तर कॅसेट पण सोबत जाते. शाळेच्या पट्टीनं मोजू नका, ती तिथेच संपते, सुताराकडची लांब स्टीलची पट्टी घ्या.

आता धुणं. माझं असं असतं. घरी आलो की चहाच्या आधी सायकल अंगणात, चिखल ओला आहे तोवरच. लाल माती वाळली की चिऱ्यासारखी धरते, मग खरवडावं लागतं आणि खरवडताना तीच घासते. मगानं वरून पाणी, वरून खाली ओघळेल असं, हबवर आणि केबलच्या तोंडावर सरळ मारा नाही. भांड्यांचा साबण कोमट पाण्यात, जुना दात घासायचा ब्रश डिरेलरच्या छोट्या चाकांना, तिथे गवत आणि चिखलाची गोळी बसलेली असते. कॅसेटच्या चक्र्यांमध्ये जुन्या सुती साडीची पट्टी घालून बूट पुसतात तशी पुढेमागे ओढायची, आईच्या जुन्या साड्यांसारखं त्याला काही नाही. हाताला कुठे खरचटलेलं असेल तर हातमोजे घालूनच हे करा, व्हाळातलं आणि शेतातलं पाणी असतं ते, पावसात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते आपल्याकडे, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेलो होतो हे आवर्जून सांगा. मग सायकल दोनदा हलकेच आपटून पाणी झटकायचं, फडक्यानं चेन पुसायची, आणि पडवीत पंख्याखाली तासभर. ओल्या चेनवर तेल टाकायचं नाही, पाणी आतच कोंडतं.

तेलाबद्दल सगळे विचारतात म्हणून. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि थंडीत गोठतं. गाडीचं काळं जुनं इंजिन ऑइल तर अजिबात नको, त्यात आधीच धातूचा चुरा असतो. डब्ल्यूडी-40 चा तो नेहमीचा निळा डबा गंज सोडवायला, पाणी हटवायला चांगला, पण वंगण म्हणून पावसात टिकत नाही. पावसासाठी जे जाडसर वेट लूब मिळतं ते घ्या, प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूनं, पायडल उलटं फिरवत, पंधरा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं पुसून काढा, अगदी कोरडं वाटेपर्यंत. माशेलच्या चिखलकाल्यात लोक अंगाला तेल चोपडून चिखलात उतरतात ते त्यांना उपयोगी पडत असेल, चेनचं मात्र उलट आहे, बाहेर राहिलेलं तेल गाळ धरून ठेवतं.

हँगरचं, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्याच्यावर टांगलेला असतो त्या तुकड्याचं एक राहिलं. वाटेत सायकल उजव्या बाजूला पडली असेल, किंवा डिरेलरमध्ये काठी अडकून चाक थांबलं असेल, तर केबल नवीन असली तरी गिअर बसणार नाहीत. सायकलच्या मागे खाली बसून बघा, डिरेलरचा पिंजरा चक्र्यांना समांतर पाहिजे, खालचं टोक आत चाकाकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, फ्रेम वाचावी म्हणून. सरळ करायला वेगळं हत्यार लागतं, ते दुकानातच करा, हातानं ओढाताण केली की तुटतो. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर घरात आणून ठेवा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐन पावसात लवकर मिळत नाही.

ब्रेक मी इथे घेत नाही, तो वेगळा विषय आहे, एवढंच सांगतो की रेझिनचे पॅड या चिखलात फार भराभर संपतात, पावसापुरते मेटलचे टाका, आवाज करतात पण टिकतात.

गेल्या जूनमध्ये एकसंध आउटर टाकली, प्रेशरनं धुणं बंद केलं. तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत एकही रविवार सोडला नाही, त्या मयेच्या चढावर जांभ्याच्या पायरीवरून दर वेळी उभं राहूनच गेलो, एकदाही उडला नाही. बीबीतून करकर अजून येते, तिचा शोध चालू आहे.

ज्यांची केबल फ्रेमच्या आतून जाते त्यांच्यासाठी एक. जुनी आउटर तशीच ओढून काढू नका, नवी आत घालायला वाट सापडत नाही, अख्खी संध्याकाळ जाते. आधी जुन्या आउटरच्या आतून नवीन इनर पलीकडे बाहेर येईपर्यंत घाला, मग जुनी आउटर तिच्यावरून ओढून काढा, इनर आतच राहू द्या, आणि नवी आउटर तिच्यावरून सरकवत न्या. इनरची दोन्ही टोकं कुणालातरी धरून ठेवायला सांगा, माझ्याकडे भाचा होता.